डोळ्यांचा कोरडेपणा: स्वस्तात काय चालतं आणि काय टाळावं?

मुद्रितशोधक
डोळ्यांच्या कोरडेपणावर इथे सुटे प्रतिसाद बरेच सापडले, पण एकत्र असा धागा दिसला नाही, म्हणून काढते आहे.

वय ४७, काम मुद्रितशोधनाचं, अर्धं कागदावर आणि अर्धं पडद्यावर. दुपारनंतर डोळ्यांत कचकच सुरू होते. संध्याकाळी अक्षरं धूसर होतात, पापण्या मिटून उघडल्या की क्षणभर लख्ख दिसतं आणि पुन्हा तेच. वर वाऱ्यावर गेलं की याच "कोरड्या" डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहतं. नेत्रतज्ज्ञांनी तपासलं. नंबर बदललेला नाही, काचबिंदू नाही, मोतीबिंदू नाही. "ड्राय आय आहे, ड्रॉप्स घालत राहा, हे कायमचं आहे" एवढं सांगून पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

दिलेले थेंब चांगले आहेत, पण महाग. कायमचे घालायचे म्हणजे किराण्यासारखी दर महिन्याची ओळ झाली. तर प्रश्न असे:
स्वस्तातले थेंब आणि महागडे थेंब यांत खरंच फरक असतो का? मेडिकलवाला "सेम आहे हो ताई" म्हणतो तेव्हा कितपत ऐकायचं? आणि थेंबांखेरीज घरात करण्यासारखं काही आहे का, ज्याचा कुणाला खरोखर उपयोग झाला?

टीप: डॉक्टरांकडे जाऊन आले आहे, त्यामुळे "आधी डॉक्टरांना दाखवा" हा प्रतिसाद कृपया नको.

पाणकळा
वाचनखूण साठवली. माझंही हेच रडगाणं आहे. पाणी येतं म्हणून मी इतके दिवस समजत होतो की माझे डोळे जास्तच ओले आहेत!

दृष्टिपटल
ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणजे डोळे तपासतो, डॉक्टर नाही. तेवढं लक्षात ठेवून वाचा.

पाणकळा, डोळ्यावरचा अश्रूंचा थर म्हणजे नुसतं पाणी नसतं. खाली चिकट श्लेष्माचा अंश, मध्ये पाणी आणि सगळ्यात वर तेलाचा अगदी पातळ पदर. हे तेल पापण्यांच्या कडेला असलेल्या मायबोमियन ग्रंथींतून येतं. वरच्या पापणीत साधारण २५ ते ४० आणि खालच्या पापणीत २० ते ३० अशा त्या ओळीने असतात. तेल कमी पडलं किंवा घट्ट झालं की पाणी भराभर उडून जातं, डोळ्याचा पृष्ठभाग चुरचुरतो, आणि मग मेंदू मोठ्या अश्रुग्रंथीला सांगतो, सोड पाणी. ते पाणी गालावर येतं, डोळ्यावर टिकत नाही. म्हणून कोरडे डोळे वाहतात. क्लिनिकमध्ये येणाऱ्यांत हा तेलाच्या बिघाडाचा प्रकारच जास्त दिसतो. मुळात पाणीच कमी तयार होतं, हा प्रकार त्यामानाने कमी.

आता मुद्रितशोधक यांचा प्रश्न. बाटलीवरचं मोठ्या अक्षरातलं नाव विसरा आणि खालचं बारीक वाचा. तुमचा तो धंदाच आहे. बहुतेक थेंबांत यांतलं एक काहीतरी असतं: कार्बोक्सिमिथाइलसेल्युलोज ०.५ किंवा १ टक्का, हायप्रोमेलोज, पॉलिइथिलीन ग्लायकॉल आणि प्रोपिलीन ग्लायकॉलची जोडी, किंवा सोडियम हायल्युरोनेट. पहिल्या दोन गोष्टी जुन्या आणि स्वस्त. ०.५ टक्क्याचा कार्बोक्सिमिथाइलसेल्युलोजचा थेंब जनऔषधी केंद्रातही मिळतो आणि तिथे किंमत ब्रँडपेक्षा बरीच कमी असते. घटक तोच, टक्केवारी तीच असेल तर मेडिकलवाल्याचं "सेम आहे" बऱ्यापैकी खरं.

बऱ्यापैकी म्हणालो, कारण दुसरी ओळ वाचायची राहिली: प्रिझर्व्हेटिव्ह. तिथे बेन्झाल्कोनियम क्लोराइड लिहिलेलं असेल तर दिवसातून चार वेळांपेक्षा जास्त तो थेंब घालू नये. बाटलीत जंतू वाढू देत नाही हे त्याचं काम, पण वारंवार घातला तर डोळ्याच्या पृष्ठभागालाच त्रास देतो, म्हणजे ज्यासाठी थेंब घातला तेच वाढतं. स्वस्त बाटल्यांमध्ये काही ठिकाणी स्टॅबिलाइज्ड ऑक्सिक्लोरो कॉम्प्लेक्स असं लिहिलेलं दिसेल. ते डोळ्यात गेल्यावर विघटित होतं, त्यामुळे त्यामानाने सौम्य. पैसे वाचवायचे आणि दिवसातून तीन-चार वेळाच घालायचे असतील तर अशी बाटली शोधा. सहा-आठ वेळा लागत असतील तर मात्र प्रिझर्व्हेटिव्हविनाच हवेत, तिथे काटकसर करू नका.

मुद्रितशोधक
दृष्टिपटल, अनेक आभार. आत्ताच ड्रॉवर उघडून जुन्या बाटल्या पाहिल्या. मागच्या वर्षी ज्यांनी जळजळ व्हायची त्या बाटलीवर बेन्झाल्कोनियमच लिहिलेलं आहे.

दृष्टिपटल
ती बाटली टाकून द्या, मागच्या वर्षीची आहे! साध्या बाटलीचं झाकण उघडल्यापासून महिनाभरच वापरायचं, एक्स्पायरी पुढची असली तरी. उघडल्याची तारीख पेनने लेबलवर लिहून ठेवायची.

आबा_सातारकर
आमच्या वेळी हे थेंबबिंब काही नव्हतं. रात्री झोपताना डोळ्यात शुद्ध मध एक काडी, सकाळी त्रिफळ्याच्या पाण्याने धुवायचे, आणि आठवड्यातून एकदा एरंडेल. वय ७४, अजून पेपर बिनचष्म्याचा वाचतो. गुलाबपाणीही उत्तम. करून पाहायला पैसे पडत नाहीत.

कोयनेचंपाणी
आबा, तुमचे डोळे चांगले आहेत हे तुमचं नशीब आणि आनंद आहे. पण हे इथे लिहिलं की कुणीतरी आज रात्रीच करून पाहणार. मी नेत्रविभागात परिचारिका म्हणून काम केलं आहे. घरच्या मधात, डबीतल्या गुलाबपाण्यात, रात्रभर भिजवलेल्या त्रिफळ्यात काय काय वाढतं ते डोळ्यांना दिसत नाही. बुबुळावर जखम होऊन ती पिकली की तिथे पांढरा डाग राहतो आणि मग नजर परत येईलच असं नाही. कोरड्या डोळ्याची वरची कातडी आधीच खरवडलेली असते, त्यामुळे त्यालाच धोका जास्त. नळाचं पाणीही डोळ्यात मारू नये, कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी तर अजिबात नाही. अकँथअमीबा नावाचा जीव पाण्यातून येतो आणि त्याचा संसर्ग बरा करायला महिने जातात.

दृष्टिपटल
कोयनेचंपाणी यांना अनुमोदन. मात्र आबांच्या एरंडेलात तथ्याचा अंश आहे हे सांगायला हवं. तेलाचा थर कमी असणाऱ्यांसाठी काही तयार थेंबांमध्ये एरंडेलच वापरलेलं असतं, पण शुद्ध आणि निर्जंतुक करून, ठरावीक मात्रेत, बारीक कणांत फेटून. किराणा दुकानातली बाटली डोळ्यात नाही. वैद्य डोळ्याभोवती पिठाचं पाळं करून त्यात तूप भरतात, ते नेत्रतर्पणही त्यांच्याकडे जाऊन, घरी पीठ लावून तूप ओतणं नको.

आबा_सातारकर
बरं. मध मागे घेतो. पेपर मात्र बिनचष्म्याचाच वाचतो.

वऱ्हाडी_ठेचा
अकोल्याचा आहो. इकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या घरात जाते, हवा अशी कोरडी की धुतलेला टॉवेल दोरीवर टाकेपर्यंत वाळते. मला वाटे एसीने डोळे सुकतात, म्हणून कूलर घेतला. हवेत ओल आली, बरं वाटलं, पण सकाळी डोळे उघडायचे म्हणजे पापण्या चिकटलेल्या. मग बायकोनं दाखवून दिलं की कूलरचा झोत सरळ तोंडावर येऊन राहिला होता आन् मी डोळे अर्धवट उघडे ठेवून झोपतो! पलंगाची दिशा फिरवली, छताच्या पंख्याखालून बाजूला सरकलो. एक रुपया खर्च न होता अर्धा त्रास गेला.

कोयनेचंपाणी
अर्धवट उघड्या पापण्यांनी झोपणारे पुष्कळ असतात आणि त्यांना स्वतःला ते माहीत नसतं. घरच्या कुणाला तरी बघायला सांगा. सकाळी उठल्याउठल्या त्रास सगळ्यात जास्त आणि दुपारपर्यंत कमी, असं असेल तर हा संशय घ्यावा. अशांनी रात्री थेंबांऐवजी जेल किंवा मलम घालावं. दिसायला धूसर होतं, म्हणून दिवे मालवायच्या वेळीच. मुद्रितशोधक यांचं मात्र उलट आहे, संध्याकाळी वाढतं. म्हणजे पडदा.

मिनियापोलिसकर
आमच्याकडे उलटी गंमत. बाहेर उणे वीस आणि घरात हीटर. हिवाळ्यात घरातली आर्द्रता इतकी खाली जाते की दाराच्या मुठीला हात लावला की ठिणगी. ह्युमिडिफायर लावून ती ४० टक्क्यांच्या आसपास आणली की डोळ्यांना कळतं.

पण मला लिहायचं आहे ते शेकाबद्दल. थेंब बदलून बदलून कंटाळले होते, तेव्हा इथल्या डॉक्टरांनी पापण्यांवर बोट दाबून दाखवलं: ग्रंथींतून तेल बाहेर येत होतं ते टूथपेस्टसारखं घट्ट. पातळ तेलासारखं यायला हवं. वरून कितीही थेंब घातले तरी झाकण नसलेल्या भांड्यात पाणी ओतत राहण्यासारखं ते. हे तेल पातळ करायला उष्णता लागते, आणि बहुतेकांचा शेक इथेच फसतो. गरम पाण्यात बुडवून पिळलेलं फडकं डोळ्यावर ठेवलं तर दोन मिनिटांत कोमट होतं. पापणीवर साधारण ४० अंशांची ऊब सलग आठ-दहा मिनिटं राहिली पाहिजे. मी सुती मोजात कच्चे तांदूळ भरून तोंड शिवून टाकलं आहे. मायक्रोवेव्हमध्ये थोडं गरम करून आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघते, मग बंद डोळ्यांवर. मायक्रोवेव्ह नसेल तर दोन फडकी आणि गरम पाण्याचं पातेलं घेऊन आलटून पालटून, पहिलं निवायच्या आत दुसरं.

शेक झाला की लगेच स्वच्छ बोटाने वरची पापणी वरून खाली आणि खालची खालून वर, म्हणजे दोन्हीकडून पापणीच्या कडेकडे, हलकेच निपटायची. डोळ्याच्या बुबुळावर दाब नको. रोज. दोन दिवस करून "काही होत नाही" म्हणू नका, फरक कळायला काही आठवडे लागतात. या सगळ्यात मला थेंबांपेक्षा शेकाचा उपयोग जास्त झाला, आणि तांदूळ घरचेच.

दृष्टिपटल
उत्तम लिहिलंत. एकच भर: पापण्यांच्या मुळाशी कोंडा किंवा पापुद्रे दिसत असतील तर शेकानंतर ती कड स्वच्छ करायची. तयार वाइप्स मिळतात पण महाग आहेत. उकळून गार केलेल्या पाण्यात बेबी शाम्पूचा थेंब घालून, कापसाच्या बोळ्याने, डोळा मिटून. चुरचुरलं तर शाम्पू बंद, नुसतं पाणी. आणि टी ट्री ऑइल थेट लावण्याचे व्हिडिओ फिरतात ते करू नका, डोळा भाजतो.

शिवणटिपण
मी शिवणकाम करते. काळ्या कापडावर काळा दोरा, त्यात पापणी लवायची विसरते हे मला माहीत होतं. पण त्रास अचानक वाढला तो पावसाळ्यात, तेव्हा हवा दमट असूनही. शेवटी लक्षात आलं की शिंकांसाठी रोज रात्री सेटिरिझिन चालू होती. डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी गोळीऐवजी नाकात मारायचा स्प्रे दिला, आणि डोळे सुधारले.

कोयनेचंपाणी
हे फार महत्त्वाचं. सर्दीच्या, अॅलर्जीच्या गोळ्या, नैराश्याची किंवा मायग्रेनसाठी दिलेली अॅमिट्रिप्टिलीन, मुरुमांसाठीची आयसोट्रेटिनॉइन, रक्तदाबासाठीची लघवीची गोळी, या सगळ्यांनी डोळे सुकू शकतात. स्वतःच्या मनाने बंद मात्र करू नका, डॉक्टरांना यादी दाखवा. आणि बायकांनो, पाळी जायच्या सुमाराला हा त्रास सुरू होणं अगदी सर्रास आहे. मुद्रितशोधक, तुमचं वय तेच आहे.

जवसाची_चटणी
आयडीला जागून विचारते: जवस, ओमेगा-३ वगैरेचा उपयोग होतो की नाही? आमच्या ग्रुपवर सगळे माशाच्या तेलाच्या कॅप्सूल घेत आहेत. चांगल्या महाग असतात.

मिनियापोलिसकर
इथे यावर मोठी चाचणी झाली, २०१८ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध झाली. कोरड्या डोळ्यांच्या पाचशेहून जास्त रुग्णांपैकी काहींना रोज ३००० मिलिग्रॅम माशाचं ओमेगा-३, काहींना ऑलिव्ह तेलाच्या कॅप्सूल, वर्षभर. बरं दोन्ही गटांना वाटलं, आणि फरक म्हणावा असा निघाला नाही. तेव्हापासून मी कॅप्सूल बंद केल्या. जवसातलं ओमेगा-३ तर वेगळ्या प्रकारचं, शरीर त्यातलं थोडंसंच माशातल्या प्रकारात बदलू शकतं. चटणी भाकरीबरोबर खा, चवीसाठी.

जवसाची_चटणी
चवीसाठी तर खाणारच!

बिनपाण्याचा_मासा
मी रायडर आहे, पार्सल पोचवतो. दिवसभर वारा आणि धूळ. डोळे लाल व्हायचे म्हणून मेडिकलमधून लाली घालवणारे थेंब घ्यायचो, दहा मिनिटांत डोळे पांढरेशुभ्र. मग ते रोज लागायला लागले आणि बंद केले की पहिल्यापेक्षा जास्त लाल. नंतर दुसऱ्या दुकानातून वेगळे थेंब मिळाले, त्याने मस्त वाटायचं. ते काय होते ते चष्म्याच्या दुकानात बाटली दाखवल्यावर कळलं: अँटिबायोटिक आणि डेक्सामेथासोन.

दृष्टिपटल
धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रतिसाद हाच, म्हणून जरा सविस्तर.

लाली घालवणाऱ्या थेंबांत नाफाझोलिनसारखं औषध असतं. ते रक्तवाहिन्या आवळतं, कोरडेपणावर काही करत नाही. औषध उतरलं की वाहिन्या पुन्हा फुगतात, जास्तच. लग्नाच्या फोटोपुरतं एकदा ठीक, रोज नाही.

डेक्सामेथासोन, बेटामेथासोन, प्रेडनिसोलोन, लोटेप्रेडनॉल, फ्लोरोमेथोलोन ही स्टेरॉइडं आहेत. "सोन", "लोन" किंवा "प्रेडनॉल" असा शेवट दिसला तर थांबा. चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम आहे आणि तरी काउंटरवरून दिली जातात. आराम पडतोच, कारण सूज उतरते. पण महिनोन्महिने घातली तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदूही लवकर येतो. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही आणि जाताना दुखतही नाही. कोरडेपणावर डॉक्टर कधीकधी थोडे दिवस सौम्य स्टेरॉइड देतात, पण ते दाब मोजत. मासेभाऊ, तुम्ही किती काळ घातलं माहीत नाही, पण डोळ्यातला दाब तपासून घ्या. सरकारी रुग्णालयात होतो.

आणि गाडीवर हेल्मेटची काच खाली, शक्य असेल तर आत बाजूने बंद असलेला साधा चष्मा. तुमच्यासाठी तोच मुख्य उपाय.

बिनपाण्याचा_मासा
परवा सुट्टी आहे, जातो. धन्यवाद सर.

पाणकळा
थोडं अवांतर: अमेरिकेत आपल्याकडच्या थेंबांमुळे लोक आंधळे झाले होते ना? म्हणून जनऔषधीचं घ्यायला भीती वाटते.

मिनियापोलिसकर
२०२३ ची गोष्ट. चेन्नईजवळच्या एका कारखान्यात बनलेले कृत्रिम अश्रू इथे विकले जात होते, त्यांच्याशी जोडलेला औषधांना दाद न देणाऱ्या स्यूडोमोनास जंतूचा संसर्ग १८ राज्यांत ८१ जणांना झाला. चौघे दगावले, चौदा जणांची दृष्टी गेली. ते थेंब प्रिझर्व्हेटिव्हविना होते आणि तरीही अनेकदा उघडायच्या साध्या बाटलीत भरलेले. दोष कारखान्यातल्या निर्जंतुकतेचा होता. त्यावरून भारतातले सगळे थेंब वाईट, असा अर्थ मी काढणार नाही. मात्र प्रिझर्व्हेटिव्हविना औषध हवं असेल तर एकेका वेळच्या छोट्या कुप्या किंवा झडपेची खास बाटली घ्या. कुपी उघडली की त्याच दिवशी संपवायची, उरलेलं उद्यासाठी नाही. कितीही जीव तुटला तरी!

सांजपाखरू
माझा अनुभव थोडा वेगळा आहे म्हणून लिहिते. डोळ्यांबरोबर तोंडही कोरडं पडायचं, कोरडी पोळी पाण्याशिवाय गिळता येईना, बोटांचे सांधे दुखायचे. सगळं वेगवेगळ्या डॉक्टरांना वेगवेगळं सांगत राहिले. पापणीत कागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटं ठेवतात ती शर्मर चाचणी केली तेव्हा पट्टी जेमतेम ओली झाली. दहा मिलिमीटरच्या वर भिजायला हवी म्हणे. मग संधिवाततज्ज्ञांकडे रक्ततपासणी आणि शोग्रेन हे निदान, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच अश्रूंच्या आणि लाळेच्या ग्रंथींवर उलटते तो आजार. आता थेंबांबरोबर सायक्लोस्पोरिनचे थेंब आहेत, ते चिठ्ठीवरचे. दुकानातल्या थेंबांनी माझं कधीच भागलं नसतं. तोंड आणि सांधे, हे दोन प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारून पाहावेत.

कोयनेचंपाणी
आणि एकाच डोळ्याला त्रास, खुपण्याऐवजी ठणकणं, उजेड सहन न होणं, पू येणं, मिचकावूनही न जाणारं धूसर दिसणं, यातलं काही असेल तर धागे वाचत बसू नये. धागाकर्तीची टीप मान्य करूनही हे लिहिते आहे.

मुद्रितशोधक
टीप मागे घेते! मासेभाऊंचा प्रतिसाद वाचल्यावर ती मलाच खटकायला लागली होती.

सध्या असं ठरवलं आहे: जनऔषधीतली बाटली, लेबल वाचून, दिवसातून तीनदा. रात्री तांदळाचा मोजा. पडद्यावर काम करताना दर पानाला एकदा पापण्या पूर्ण मिटून दोनपर्यंत मोजायचं. पडदाही नजरेच्या थोडा खाली घेतला, म्हणजे डोळे कमी उघडे राहतात असं वाचलं. अजून एक विचारायचं राहिलं: थेंब घालताना अर्धा गालावर येतो. वाया जातो म्हणून मी दोन-दोन घालते. बरोबर आहे का?

दृष्टिपटल
एकच पुरे. डोळ्यात मावतं त्यापेक्षा बाटलीचा एक थेंबच मोठा असतो, म्हणून तो गालावर येणारच. दुसरा थेंब पहिल्याला धुऊन नेतो, बाटली मात्र निम्म्या दिवसांत संपते. हात धुवा, खालची पापणी ओढून खिसा करा, टोक कुठेही न टेकवता एक थेंब, मग मिनिटभर डोळे मिटून शांत. मिचकवायचं नाही.

पाणकळा
आईला काचबिंदूचे थेंब चालू आहेत. तिने हे वरचे घातले तर चालतील का? आधी कुठले?

दृष्टिपटल
चालतात. आधी काचबिंदूचे, मग किमान पाच-दहा मिनिटं थांबून कृत्रिम अश्रू. जेल किंवा मलम असेल तर ते सगळ्यात शेवटी, कारण त्यावरून दुसरं औषध आत जात नाही. काचबिंदूच्या बऱ्याच थेंबांत बेन्झाल्कोनियम असतंच, त्यामुळे तिचे हे दुसरे थेंब तरी प्रिझर्व्हेटिव्हविना घ्या. पुढच्या तपासणीला दोन्ही बाटल्या सोबत न्या, आणि काचबिंदूच्या थेंबांची वेळ कोरडेपणाच्या नादात चुकू देऊ नका.